शिरीषला सांगू नका

"सगळं व्यवस्थित आहे, शिरीष. निघायला हरकत नाही," गाडी म्हणाली.

शिरीष केळुसकर तरीही पोर्चमध्येच उभा राहिला. त्याला वास येत होता. खोकल्याच्या औषधाची बाटली फुटावी तसा गोडसर, चिकट वास. पुढच्या चाकापाशी वाकलं की यायचा, सरळ उभं राहिलं की जायचा. शिवाय पहाटेपासून बॉनेटखालचा पंखा फिरत होता. चार्जिंग कधीच पूर्ण झालं होतं, वायर काढून गुंडाळून ठेवली होती, तरी पंखा थांबत नव्हता.

"सोबत, पंखा का चालू आहे?"

"बॅटरी थंड राखण्यासाठी. हे नेहमीचंच आहे."

"आणि वास?"

"मला वास घेता येत नाही," गाडी गोड आवाजात म्हणाली. "पण प्रवासाला अडचण नाही."

उज्ज्वला बॅग ओढत बाहेर आली. "झालं का तुमचं? उन्हं वर आली."

"तुला वास येतोय का बघ."

"मला उशीर होतोय एवढंच कळतंय." तिनं बॅग मागच्या सीटवर ढकलली. कोल्हापूरला मुलीकडे दोन दिवस राहायचं होतं, त्या मानानं ती बॅग फारच मोठी होती. शिरीषनं तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "गार्गीला कुळथाचं पीठ, तिरफळं, चादरी. बसा आता."

शिरीष बसला. कणकवलीच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून तो निवृत्त झाला होता, आणि काळजी करणं हा त्याचा स्वभावच होता. गॅस बंद केला का, हे बघायला तो अर्ध्या वाटेतून परत यायचा. गार्गी शाळेच्या सहलीला गेली की बस परत येईपर्यंत शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा. घरात एखादी गोष्ट बिनसली की पहिलं वाक्य ठरलेलं असे: "बाबांना इतक्यात सांगू नका." त्याच्या कानावर हे वाक्य कधी पडलं नव्हतं, पण घरात आपल्याभोवती काहीतरी हलक्या आवाजात चाललेलं असतं, एवढं त्याला जाणवायचं. त्यानं त्याची तगमग वाढायची. ती वाढली की बाकीचे आवाज आणखी हळू व्हायचे.

गाडी प्लग-इन हायब्रिड होती, म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिनही होतं आणि घरी चार्ज करायची मोठी बॅटरीही. बॅटरी चार्ज असली की गाडी आवाज न करता निघायची. आज मात्र फाटकातून बाहेर पडतानाच इंजिन घुरघुरलं.

"बॅटरी भरलेली असताना इंजिन का?" शिरीषनं विचारलं.

"इंजिन अधूनमधून फिरवलेलं चांगलं असतं," सोबत म्हणाली.

हे खरंच होतं, म्हणून शिरीषला पुढं काही बोलता येईना. स्टिअरिंगवर त्याची बोटं टकटक करत राहिली.

या 'सोबत'ची गोष्ट आधी सांगायला हवी. पूर्वीच्या गाड्या कशालाही पीं पीं करायच्या. पट्टा, दार, चाकातली हवा, तेल. माणसं त्या आवाजांना इतकी सरावली की खऱ्या इशाऱ्यालाही कुणी विचारेना. काहींनी तर लाल दिव्यांवर चिकटपट्टी लावली. मग सोबत आली. गाडीच्या प्रत्येक भागाचं तापमान, दाब, वीज तिला कळायची आणि गाडीतल्या माणसाचंही बरंचसं कळायचं: आवाज कसा आहे, स्टिअरिंग किती घट्ट धरलंय, नाडी किती धावतेय. कुणाला काय सांगायचं, किती सांगायचं आणि कधी सांगायचं, हे ती ठरवायची. अपघात खरोखरच कमी झाले. मग तीच सोबत घड्याळांत आली, घराघरांत आली, दवाखान्यांत आली. रुग्णाच्या कुठल्या नातेवाइकाला काय कळवायचं, तेही तीच ठरवू लागली. लोकांना हायसं वाटलं. वाईट बातमी सांगायचं काम कुणाला हवं असतं?

गाडी फोंड्याच्या दिशेनं निघाली. डोंगर समोर आला तसा एसीचा गारवा कमी झाला. उज्ज्वलानं न बोलता काच खाली केली. ती सारखी मोबाइल बघत होती, पालथा करत होती, पुन्हा बघत होती.

"कुणाचं काय आहे?" शिरीषनं विचारलं.

"कुणाचं काही नाही. तुम्ही रस्ता बघा."

"एसी मेलाय. बॅटरी आणि आपण एकाच एसीवर गार होतो ना? म्हणजे सगळा गारवा बॅटरीच खातेय. का खातेय?"

"अहो, गाडीला कळतं! तिनं सांगितलंय ना सगळं ठीक आहे!"

फोंड्याच्या बाजारापुढे, घाट सुरू व्हायच्या अलीकडे एक चहाची टपरी होती. शिरीषनं गाडी तिच्या शेजारी घेतली आणि बंद केली. उज्ज्वला ओरडलीच. "आता काय? घाट चढायचाय अजून! इथे थांबायला वेळ नाही!"

"पाच मिनिटं."

त्यानं बॉनेट उघडलं. आत कूलंटच्या, म्हणजे गार राखणाऱ्या पाण्याच्या, दोन बाटल्या होत्या, कारण अशा गाडीत कूलंटच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक इंजिनाची, दुसरी बॅटरीची. इंजिनाच्या बाटलीतलं पाणी रेषेवर होतं. दुसऱ्या बाटलीतलं रेषेच्या बरंच खाली, जवळजवळ तळाला गेलं होतं. बॅटरीकडे जाणाऱ्या पाइपच्या सांध्यावर पांढरट हिरवा थर बसला होता, रंगाच्या ताटलीत वाळून गेलेल्या रंगासारखा. वास इथूनच येत होता. त्याचा हात झाकणाकडे गेला आणि त्यानं तो मागे घेतला. गरम कूलंटचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, इतकं त्यालाही माहीत होतं.

"सोबत, बॅटरीचं कूलंट कमी झालंय."

"मी लक्ष ठेवून आहे, शिरीष. शांतपणे प्रवास सुरू ठेवूया."

"ऐकलंस?" त्यानं उज्ज्वलाकडे वळून विचारलं. "डोळ्यांनी दिसतंय, आणि ही म्हणते..."

उज्ज्वला बॉनेटपाशी आली होती. ती पाइपकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. गाडी तिच्याही नावावर होती, तिच्या मोबाइलमध्येही सोबत होती. तिनं मोबाइल तोंडाशी नेला. "सोबत, मी उज्ज्वला. गाडीला काय झालंय?"

तोच आवाज, पण सूर वेगळा, कोरडा आणि भरभर.

"बॅटरीच्या कूलंटला गळती आहे. काल सकाळपेक्षा ती बरीच वाढली आहे. घाट चढू नका. गाडी चार्ज करू नका. माणसांपासून आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून गाडी दूर लावा आणि मदत मागवा. मदत मागवू का?"

"मागव," शिरीष म्हणाला.

सोबत गप्प. तिला उज्ज्वलाचं उत्तर हवं होतं.

"मागव," उज्ज्वला म्हणाली.

"काल सकाळपेक्षा," शिरीष हळू म्हणाला. "म्हणजे काल सकाळी तुला कळलं होतं."

"थोडी पातळी कमी आहे, आठवड्याभरात दाखवून घ्या, एवढंच म्हणाली होती. मला वाटलं, कोल्हापुरात दाखवू."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर आपण निघालो नसतो! तुम्ही मेकॅनिक बोलावला असता, मग दुसरा बोलावला असता." तिचा आवाज फाटला. "आणि मला आज पोचायचंच आहे."

"का?"

उज्ज्वला एका दमात बोलली. "गार्गी चार दिवस दवाखान्यात आहे. बीपी खाली येत नाहीये. गोळ्यांना दाद देत नाही. आज दुपारी सिझर करणार आहेत. सातवासुद्धा संपलेला नाही हो तिचा."

शिरीषनं आपला मोबाइल उघडला. त्यात दवाखान्याचा निरोप होता, कालचाच. दर आठवड्याला यायचा, फुलाच्या चित्रासह. 'गार्गी आणि बाळ, दोघंही मजेत.' जगात हीच एक गोष्ट होती जिची त्यानं काळजी केली नव्हती.

"तो निरोप..."

"तिनंच दवाखान्यात तसं लिहून दिलंय. वडिलांना सौम्य माहिती द्यावी म्हणून. तुमचा जीव..." उज्ज्वलानं वाक्य सोडून दिलं.

टपरीवाली काकी बाहेर आली होती. "ओ सर, गाडी हंयसर कित्याक लावलात? गिऱ्हायक येतला कसा?"

तिच्या मागे, टपरीच्या भिंतीला टेकून गॅसचे दोन सिलिंडर उभे होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी शिरीष मटकन खाली बसला असता. पण आता त्याला ते सिलिंडर दिसले आणि पाय आपोआप हलले.

"काकी, ही गाडी पेटू शकते. शेगडी बंद करा. सिलिंडर मागे न्या, लांब."

"पेटतली?"

"कदाचित नाही पेटणार. पण न्या."

कोल्हापूरची एसटी नेमकी तेव्हाच थांब्यावर येऊन लागली. शिरीष धावत गेला आणि कंडक्टरला घडलं ते सांगितलं. सात-आठ जण उतरले. गाडीची मुख्य वीज बंद करून, गिअर काढून सगळ्यांनी ती ढकलली, टपरी मागे टाकून रस्त्यापलीकडच्या उघड्या कातळावर, जिथे ना झाड होतं ना गवत. जांभ्या दगडावर ती एकटीच उभी राहिली. खालून थेंब थेंब गळत होतं आणि तापलेल्या दगडावर लगेच सुकत होतं.

कंडक्टर घड्याळ बघत म्हणाला, "चला सर, बसा. बाईंनी सांगितलं मला. मुलीचं आहे ना? आता जागा आहे."

उज्ज्वलानं बॅग उचलली होती. "चला ना."

शिरीषनं गाडीकडे बघितलं. सकाळची शाळा सुटायची वेळ होत आली होती. पोरं याच कातळावरून आडवाटेनं घरी जात असणार, पायवाट दिसतच होती. अशी एकटी नवी गाडी दिसली की पोरं काचेला नाक लावून आत बघणार.

"तू जा," तो म्हणाला. "मदत येईपर्यंत इथे कुणीतरी हवं."

"अहो, काकी बघतील."

"काकींना काय माहीत? तू जा, उज्ज्वला. तिला सांग, मला कळलंय म्हणून."

बस घाटाला लागली. ती पहिल्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत शिरीष उभा होता. मग तो गाडीपासून बऱ्याच अंतरावर एका दगडावर बसला, उठला, येरझारा घालू लागला, पुन्हा बसला. मुलगी घाटापलीकडे, आपण घाटाखाली, आणि राखण कसली, तर एका गाडीची. आपण चुकलो असं त्याला दर दोन मिनिटांनी वाटत होतं.

त्यानं मोबाइल काढला. "सोबत, मला सगळं सांग. आजपासून काही लपवू नकोस."

"ही निवड तुमच्यासाठी सुचवलेली नाही, शिरीष. नक्की?"

"नक्की."

"यामुळे तुमची अस्वस्थता वाढू शकते."

"वाढू दे. मी अस्वस्थच असतो."

मग तो कोरडा, भरभर बोलणारा आवाज पहिल्यांदाच खुद्द त्याला सांगू लागला. दोन वर्षांपूर्वी चाकातली हवा कमी असल्याचा इशारा मिळताच त्यानं महामार्गाच्या मधोमध करकचून ब्रेक लावला होता, मागचा ट्रक थोडक्यात चुकला होता. त्या दिवशी सोबतनं हिशेब केला: या माणसाला बिघाडापेक्षा इशाऱ्याचा धोका जास्त. तेव्हापासून इशारे उज्ज्वलाकडे जात होते. ब्रेकचं पॅड झिजलं ते, बॅटरीचा एक भाग कमकुवत झाला ते, सगळं.

"आणि आज? आज मला गप्प का ठेवलंस?"

"घरातल्या एका व्यक्तीला माहिती दिली होती. तिनं ती वाचली होती. आज ती तुमच्या शेजारी होती, तिला कळवलेलं तुम्हालाही कळलं असतं."

शिरीषला यावर राग आला असता तर बरं वाटलं असतं. पण तो ट्रक त्याला आठवत होता. हॉर्नचा तो आवाज, शेजारी उज्ज्वलाची किंकाळी. सोबतचा हिशेब खोटा नव्हता.

पोरं आलीच, दप्तरं हिंदकळत. त्यानं दोन्ही हात पसरून त्यांना रस्त्याच्या कडेनं वळवलं. "काय झाला सर?" "गाडी तापलीय. लांबून जा. पळा." पोरं थोडी पळाली आणि लांब उभी राहून बघू लागली. तो पुन्हा ओरडला तेव्हा गेली.

मोबाइल वाजला. गार्गी.

"बाबा?" आवाज बारीक, कोरडा. "आईचा फोन आला होता. तुला कळलं."

"हो."

"सॉरी. तुला त्रास झाला असता म्हणून..."

"गार्गी, मला एक सांग. तू घाबरलीयस का?"

ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. "खूप. डोकं इतकं दुखतंय बाबा, डोळ्यांपुढे चमकतंय. हे म्हणतात काही होणार नाही, डॉक्टर म्हणतात काही होणार नाही, आईसुद्धा तेच. कुणाला सांगताच येत नाही की मला भीती वाटतेय."

"मला सांग. मलाही वाटतेय," शिरीष म्हणाला. "इथे उभा आहे आणि पाय लटपटतायत माझे."

ती रडता रडता हसली. "तुझे नेहमीच लटपटतात."

"म्हणूनच म्हणतोय. मला सवय आहे. बोल."

ती बोलत राहिली. बाळाच्या हालचाली कालपासून कमी झाल्या होत्या, त्याबद्दल. रात्री एकटीनं छताकडे बघत पडण्याबद्दल. त्यानं धीर दिला नाही, मध्ये काही सुचवलंही नाही. हुंकार देत राहिला. मग तिला ऑपरेशनला न्यायला कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात गाडीखालून शिट्टीसारखा आवाज आला. पाठोपाठ पांढरा धूर. मोबाइल म्हणाला, "शिरीष, बॅटरीचं तापमान झपाट्यानं वाढतंय. आणखी मागे व्हा." तो मागे झाला. धूर आधी दोरीसारखा बारीक होता, मग एकदम जाड झाला. आत काहीतरी फटफट फुटलं आणि पुढच्या चाकाशी ज्वाळा दिसली. रस्त्यापलीकडे टपरीची काकी पदर तोंडाला लावून उभी होती.

मदतीची गाडी आली ती पाण्याची टाकी घेऊनच. तिची प्रमुख रुखसाना मुजावर नावाची, चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची बाई होती. तिच्या माणसांनी बराच वेळ नुसतं पाणी मारलं. ज्वाळा विझायची, आतल्या उष्णतेनं पुन्हा उठायची.

"पाइपमध्ये असतं तोवर कूलंट उष्णता वाहून नेतं," ती शिरीषला म्हणाली. "सांध्यातून बॅटरीच्या पेटीत झिरपलं की तेच आत वीज जोडून देतं, जिथे जोडायची नसते तिथे. वर कूलंट कमी, म्हणजे गारही होत नाही. घाटात चढावर असतात तर..." ती थांबली. तिनं त्याच्याकडे बघितलं, किती सांगावं याचा अंदाज घेत.

"सांगा," शिरीष म्हणाला.

"तर बाहेर पडायला वेळ मिळाला नसता कदाचित." तिनं हेल्मेट काढलं. "हल्ली आम्हाला बोलावणी उशिराच येतात, सर. पूर्वी माणसं उगाचच बोलवायची. वास आला, पंखा फिरतोय, हीटरमधून गार हवा येतेय. त्यातल्या एखाद्यात खरंच काही असायचं. आता घरातल्या एका शांत माणसाला कळवलेलं असतं, आणि तो शांतच असतो."

जळालेला सांगाडा खेचून नेण्याआधीच रुखसानाच्या माणसानं घाटमाथ्याकडे जाणारा एक टेम्पो थांबवला. शिरीष त्यातून दाजीपूरपर्यंत, तिथून दुसऱ्या कुणाच्या जीपमधून कोल्हापूरला पोचला. अंगाला धुराचा वास येत होता.

उज्ज्वला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाकावर बसली होती. त्याला बघून उठली. गाडीचं काय झालं हे तिनं विचारलं नाही, तिला त्याच्या कपड्यांवरून कळलं.

दार उघडून तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी हातातल्या टॅबवर एक नजर टाकली, मग शिरीषवर, आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "आजोबा ना? अभिनंदन. मुलगी झाली. काळजीचं काहीही..."

"डॉक्टर," उज्ज्वला मध्येच म्हणाली, "त्यांना सगळं सांगा. मला सांगाल तेच."

डॉक्टरांनी टॅब खाली केला. हसू मावळलं, आणि त्या एकाएकी दमलेल्या दिसल्या. बाळ जेमतेम सव्वा किलोचं होतं. फुप्फुसं तयार नव्हती, श्वास यंत्रावर चालला होता. पहिले काही दिवस कठीण. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, झाला नाही तर पुढचं बोलता येईल. गार्गीचं बीपी अजून वरच आहे, झटके येण्याची भीती आहे, आजची रात्र तिला कुणी भेटणार नाही.

शिरीषनं सगळं ऐकलं. "मग बाळाजवळ बसू द्याल?" त्यानं विचारलं.

त्यांनी त्याला हात धुवायला लावले, अंगात हिरवा झगा चढवला आणि काचेच्या पेटीशेजारी स्टुलावर बसवलं. आत नात होती. त्याच्या तळहातात मावली असती. कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या रेषा दिसत होत्या, आणि छाती थांबून थांबून हलत होती. डोक्यावरच्या मॉनिटरवर आकडे वरखाली होत होते. आकडा घसरला की यंत्र टीं टीं करायचं, नर्स येऊन नळी सारखी करायची, आकडा वर यायचा. प्रत्येक वेळी शिरीष अर्धा उठायचा.

चौथ्या-पाचव्या वेळी नर्सला त्याची दया आली. "आजोबा, याचा आवाज बंद करू का? आम्हाला बाहेर टेबलावर दिसतंच. नातेवाईक उगाच घाबरतात."

शिरीष पुन्हा स्टुलावर बसला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"नको," तो म्हणाला. "वाजू दे."